शहरांच्या पगारी रजेवर राज्यांची कात्री

अमेरिकी क्लायंटचा पेरोल सांभाळणाऱ्या आपल्या वाचकांना एक प्रश्न नेहमी पडतो. कंपनी एक, पदनाम एक, मग दोन शहरांत आजारपणाच्या रजेचे नियम वेगळे का? खासगी नोकरदाराला आजारपणात पगारी रजा दिलीच पाहिजे, असा सर्वसाधारण केंद्रीय कायदा तिथे नाही. 1993 चा कौटुंबिक व वैद्यकीय रजेचा कायदा 12 आठवडे देतो, पण बिनपगारी. खासगी क्षेत्रात तोही 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांनाच लागू होतो. ही उणीव शहरांनी भरून काढायला घेतली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी 2006 मध्ये सुरुवात केली. 30 तास कामामागे एक तास रजा. म्हणजे आठवड्याला 40 तास राबणाऱ्याच्या खात्यात सहा आठवड्यांनी एक दिवस जमा होतो.

एवढेही अनेक राज्यांना मानवले नाही. मिलवॉकीत 2008 मध्ये सुमारे 69 टक्के मतदारांनी अशा रजेला कौल दिला. 2011 मध्ये विस्कॉन्सिन राज्याने कायदा करून तो निष्प्रभ केला.

टेक्सासची गोष्ट आपल्या धंद्यातल्या माणसाने मुळापासून समजून घ्यावी. ऑस्टिनने फेब्रुवारी 2018 मध्ये रजेचा नियम केला. 15 हून जास्त कर्मचारी असलेल्या मालकाने वर्षाला 64 तासांपर्यंत रजा द्यायची होती. राज्याच्या कायद्यात रजेबद्दल मनाई नव्हती. शहरांनी किमान वेतन वाढवू नये, एवढेच होते. अपील न्यायालयाने हिशेब असा मांडला: काम न केलेल्या तासांचा पगार दिला, की प्रत्यक्ष केलेल्या कामाचा ताशी दर वाढतो, म्हणून रजा हेही वेतनच. नियम अमलात येण्याआधीच अडकला. डॅलसच्या नियमाला संघीय न्यायालयाने मार्च 2020 च्या अखेरीस स्थगिती दिली. करोनाची साथ पसरत असताना, आजारी माणसाने घरी थांबणे सर्वांत गरजेचे होते तेव्हा.

राज्यांचा युक्तिवाद एकसूत्रतेचा आहे आणि तो पोकळ नाही. गावागणिक बदलणारे नियम सांभाळताना होणारी दमछाक आपण जाणतो. आपल्याकडे रजेच्या नियमांत महापालिकेला हातच नसतो, त्यामुळे राज्यभर एक नियम आपल्याला स्वाभाविक वाटतो. न्यू जर्सीने तेच केले. ऑक्टोबर 2018 पासून शहरांचे नियम गेले, पण त्या जागी वर्षाला 40 तासांपर्यंतची राज्यव्यापी रजा आली. हे रास्त आहे.

मिसुरीत मात्र या युक्तिवादाचा कस लागला. 2015 मध्ये विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार डावलून शहरांचे हात बांधले. मग 2024 मध्ये मतदारांनीच राज्यभरासाठी एक नियम मंजूर केला. रजा 1 मे 2025 पासून जमा होऊ लागली. विधिमंडळाने तोही रद्द केला. 28 ऑगस्टला तो संपला. संपूर्ण राज्याला एकच नियम मिळाला होता, तरी तो नकोच होता. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जे राज्य शहराचा नियम काढून त्या जागी काहीच देत नाही, त्याने एकसूत्रतेचे नाव घेऊ नये.

कायदे करणे आपल्या हातात नाही, पण रजेची शिल्लक आपल्याच पडद्यावर दिसते. नियम रद्द झाल्याची बातमी येताच सिस्टीममधला रजेचा कोड बंद करून शिल्लक शून्य करू नका. जमलेल्या तासांचे काय करायचे, ते क्लायंटला लेखी विचारा. कंपनीच्या स्वतःच्या धोरणात ती रजा चालू ठेवता येते, हेही त्याच पत्रात सांगा. कायद्याने सक्ती काढली आहे. रजा देण्याला मनाई केलेली नाही.