कार्बोरेटर बदलण्याआधी

आमच्या दारात अब्बांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर, मोटारींचा जाणकार नाही. तरीही आज कार्बोरेटरवर लिहितो आहे, कारण मी जी चूक केली तीच जुन्या गाड्या सांभाळणारे अनेक जण करतात आणि त्यात चांगला माल भंगारात जातो.

गाडी सिग्नलला बंद पडायची, पेट्रोलचा वास यायचा. स्पेअरच्या दुकानदाराने सल्ला दिला, "जुना काढा, थोडा मोठा टाका, पिकअप वाढेल." मी भुललो. दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर आणला. बोल्टचे अंतर जुळेना, म्हणून मध्ये पट्टी घालून तो बसवला. मोकळ्या रस्त्यावर गाडी बरी पळायची, पण गर्दीत गुदमरायची आणि अॅव्हरेज पार घसरले.

शेवटी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. बॉनेट उघडून ते म्हणाले, "मास्तर, लहान मुलाला बापाचा बूट घातलात तुम्ही." पद्मिनीचे इंजिन 1089 सीसीचे. ते जेवढी हवा ओढते, त्या हिशेबाने कार्बोरेटरचा गळा ठरलेला असतो. गळा अरुंद असला की हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि पेट्रोल ओढले जाऊन त्याचे बारीक तुषार होतात. गळा मोठा केला की कमी स्पीडला हवेचा वेग पडतो आणि पेट्रोल नीट मिसळत नाही. म्हणून कार्बोरेटर निवडताना आधी गळ्याचे माप पाहावे, मग बोल्टचे अंतर, अॅक्सिलरेटर आणि चोकची जोडणी, आणि वर एअर फिल्टर बसतो का ते. मोठा म्हणजे चांगला, हे खरे नाही.

मग त्यांनी माझा जुना सोलेक्स मागवला. नशीब, मी तो विकला नव्हता. फ्लोटची सुई झिजली होती, त्यामुळे ओव्हरफ्लो होत होता. बटरफ्लायचा दांडा ढिला झाला होता, तिथून फुकटची हवा आत जात होती. चाचांनी दांड्याला बुश बसवला, सुई आणि गॅस्केट बदलली. नव्या कार्बोरेटरच्या किमतीच्या मानाने खर्च किरकोळ होता.

जुळवणी करताना त्यांनी पहिल्यांदा कार्बोरेटरला हात लावलाच नाही. टॅपेट, पॉइंटची गॅप, टायमिंग आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासले. "दुसऱ्याचा गुन्हा याच्या माथी मारतात," ते म्हणाले. मग फ्लोटची पातळी लावली. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मिक्श्चरचा पेच हलक्या हाताने बंद करून दीड-दोन फेरे उघडला. कुठे इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखे चालते, ते कानाने शोधले आणि शेवटी स्लो स्पीडचा पेच कमी केला. चार दिवस गाडी चालवून प्लग बघितला. काळा आणि काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी, फिकट तपकिरी असेल तर ठीक. पीयूसी केंद्रावरही खात्री झाली. अशा जुन्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे, आम्ही तिच्या बरेच खाली होतो.

आता एक नवा प्रश्न आला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते. जेटवर आकडा कोरलेला असतो. 125 म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटरचे भोक. प्लग पांढरा दिसू लागला तर जेट एक नंबर वर घ्यावा. तारेने भोक मोठे करू नये. रबराच्या नळ्याही बदलून घ्याव्यात, इथेनॉल त्यांना खाते.

माझे मत स्पष्ट आहे. मूळ बॉडी वाकलेली किंवा तडकलेली नसेल, तर ती दुरुस्त करा. बदलायचाच असेल तर त्याच मापाचा घ्या. पण दुरुस्त करणारे हात राहतील का, ही माझी खरी काळजी आहे. मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. हजारो टॅक्सींमुळे सुटे भाग बनत होते आणि पोरे काम शिकत होती. तो आधार गेला.

माझ्या वर्गातली दोन मुले सुट्टीत गॅरेजला जातात. विज्ञानाच्या पेपरात हवेच्या दाबावरचा प्रश्न ती सोडून देतात, पण कार्बोरेटरच्या गळ्यात काय घडते ते मला समजावून सांगतात. आम्ही शिक्षक त्यांना ढ म्हणतो. चूक आमच्याकडेही आहे. आम्ही त्यांच्या हातातले ज्ञान कधी वहीत आणले नाही. चाचांनी तर आयुष्यात काही लिहून ठेवले नाही.

म्हणून मी त्यांच्या कामाचा क्रम मराठीत आणि उर्दूत एका कागदावर उतरवला. एक प्रत गाडीच्या खणात आहे, दोन त्या मुलांकडे. तुमच्या ओळखीत असा मिस्त्री असेल तर त्याच्याजवळ अर्धा दिवस बसा आणि लिहून घ्या.