घरचीं छायाचित्रें आणि सुटी डिस्क

पनवेल तालुक्यांतील ओवे हें गांव आतां खारघर उपनगराच्या पोटांत आलें आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई वसविण्यासाठीं या भागांतील जमिनी संपादन होऊं लागल्या, आणि पुढें भातखाचरांच्या जागीं रस्ते व इमारती उभ्या राहिल्या. अशा गांवांत ज्या घरीं वीस वर्षांपूर्वींचीं छायाचित्रें असतील, त्या घरीं एक ठेवाच आहे असें समजावें. खळें, बांध, जुन्या अंगणांतलें तुळशीवृंदावन यांचे फोटो आज पुन्हां काढूं म्हटलें तरी निघणार नाहींत. आणि नेमके त्या काळांतले फोटो भिंतीवरच्या चौकटींत नसून एखाद्या मेमरी कार्डांत, पेन ड्राइव्हमध्यें, नाहीं तर कपाटांतल्या हार्ड डिस्कवर पडून असतात. म्हणून या महिन्यांत या वस्तूंविषयीं लिहावयाचें योजिलें आहे.

कॅमेऱ्यांतलें कार्ड हें वाहतुकीचें साधन आहे, कोठार नव्हे. १९९७ सालीं सोनी कंपनीनें मॅविका नांवाचा कॅमेरा काढला. तो चित्रें १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर घेत असे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धां तींत बहुधा मावणार नाहीं. उलट ६४ गिगाबाइटच्या नखाएवढ्या कार्डांत, एक फोटो पांच मेगाबाइटचा धरला तर, बारा हजारांवर फोटो बसतात. सोय मोठी, पण अनर्थाचें मूळही तींतच. मुंज, बारसें, आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन, सगळें एकाच कार्डांत सांठत जातें आणि एके दिवशीं तें कार्ड रिक्षांत पडतें.

समारंभ आटोपला कीं त्याच रात्रीं फोटो संगणकावर उतरवावे, तेथून सुट्या डिस्कवर घ्यावे, दोन्हीकडचे दहा-पांच उघडून पाहावे आणि मगच कार्ड पुसावें. चुकून आधींच पुसलें गेलें, तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढूं नये. पुसण्यानें बहुधा यादींतलें नांव तेवढें जातें. त्या जागेवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत चित्र तेथेंच असतें. फोटोरेक नांवाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम अशीं चित्रें पुष्कळदां परत काढून देतो.

हार्ड डिस्कमध्यें चकत्या वेगानें फिरत असतात आणि वाचणारें टोंक त्यांच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतें. ती चालू असतां उचलूं नये, टेबलावरून ओढूं नये. पेन ड्राइव्हांत फिरणारें कांहीं नाहीं. तेथें विजेचा सूक्ष्म भार कोंडून ठेवलेला असतो, आणि ती वस्तु वर्षानुवर्षें नुसती पडून राहिली तर तो झिरपून जाऊं शकतो. दोन्हींना उपटून काढण्याची घाई मात्र सारखीच घातक. पडद्यावर काम संपलेलें दिसलें तरी शेवटचा मजकूर कधीं कधीं संगणकाच्या स्मृतींतच राहिलेला असतो; डिस्क बाहेर काढण्याची आज्ञा देऊन मगच ती सोडवावी. कोंकणच्या पावसाळ्यांत ती घट्ट झांकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी, हेंही ओघानेंच आलें.

एकाच कपाटांतल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तळमजल्यावरच्या घरांत अल्बम काय, संगणक काय, सारेंच पाण्यांत गेलें. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकीं एक दुसऱ्या गांवीं, असा नियम जाणते लोक सांगतात. एकत्र कुटुंबाला हें मुळींच अवघड नाहीं. पुण्याच्या आत्याकडे किंवा नाशिकच्या काकांकडे एक डिस्क ठेवावी आणि दिवाळीच्या भेटींत ती अदलाबदल करावी.

मोठ्या घरांत दुसरीच एक अडचण आढळते. डिस्कला सांकेतिक शब्द घालतो तो एकटा थोरला मुलगा, आणि नोकरीनिमित्त परदेशीं जातो तोही तोच. तो शब्द दागिन्यांच्या यादीबरोबर, घरांतल्या दोघां वडील माणसांना ठाऊक असेल अशा जागीं लिहून ठेवावा.

आणि नांवें! बारा हजार फोटो आहेत, पण पाटावर बसलेला बटू कोणाचा, मागें दिसतें तें खाचर कोणत्या अंगाचें, हें सांगणारें माणूस घरांत एखादेंच उरतें. एका रविवारीं आजींना संगणकासमोर खुर्ची द्यावी, नातीनें कळफलकावर बसावें, आणि त्या सांगतील तसें सालवार नांव घालीत जावें. एका बैठकींत चाळीस-पन्नासांहून अधिक फोटो होणार नाहींत. आजी मध्येंच थांबतील, दुसरीच गोष्ट सांगूं लागतील. तीही टिपून घ्यावी.