पेडण्याच्या पोराची कादंबरी कोण लिहिणार?

'मुलगे वाचत नाहीत' हे वाक्य मराठी प्रकाशनव्यवहारात इतकं घासून गुळगुळीत झालंय, की कुणी त्याला पुरावाही मागत नाही. मग ओघाने पुढचं येतंच. तेरा ते सोळा वर्षांच्या पोरांसाठी लिहायचंच असेल तर जादूगार घ्या, गुप्तहेर घ्या, नाहीतर सरळ व्यक्तिमत्त्व विकासाचं पुस्तक काढा. वास्तववादी कादंबरी? ती कोण घेणार हो?

अहो, आधी ती लिहा तरी! न लिहिलेलं पुस्तक खपत नाही, हा कसला बाजाराचा कल?

मुळात बाजार म्हणजे मुलगा नव्हेच. पुस्तकाचे पैसे देतो बाप, निवड करतात गुरुजी आणि गठ्ठा उचलते बक्षीस समारंभ करणारी संस्था. या तिघांना शिवी नको, बिअर नको, मुलगी तर नकोच नको. पोराला काय हवं ते विचारतोय कोण?

आमच्या पेडणे-डिचोलीतल्या पोराचं पाहा. घरात कोंकणी, प्राथमिक शाळेत मराठी, पाचवीपासून बहुतेक विषय इंग्रजीत. मराठीतलं जाड पुस्तक झेपायची ताकद येते तोवर शाळेची भाषा बदललेली! १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपण मराठी-कोंकणी भांडतोय, आणि हा पठ्ठ्या तिसऱ्याच भाषेच्या बसमध्ये चढून निघून गेला. त्याला थांबवील असं आपल्याकडे काय आहे? फास्टर फेणे आहे. भा. रा. भागवतांवर माझं प्रेम आहे, बन्याची सायकल अजून डोळ्यांपुढून जाते. पण दर पुस्तकात चोर पकडणाऱ्या मुलाच्या घरी कर्जाचा हप्ता थकत नाही.

डिचोलीत थकला. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मध्यंतरी खाणी सुरू झाल्या, आणि ८८ लीज रद्द ठरल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे. त्या वर्षी नववीत असलेल्या मुलाने दिवसभर घरी बसलेला बाप पाहिला. याच खाणींनी गावोगावी विहिरी आटवल्या, शेतांत गाळ आणून भरला, हेही त्याला ठाऊक. आईला आता ओटीवरची लाल धूळ पुसावी लागत नाही, आणि वाण्याकडची उधारी मात्र वाढत चाललीय. दोन्ही एकाच घरात! मुलाने कुणाची बाजू घ्यायची? याहून मोठा राक्षस कुठला जादूगार आणून देणार आहे?

तिकडे पेडण्यात मोपाच्या पठारावरून जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. आजोबा गेलेल्या जमिनीबद्दल बोलत राहतात आणि थोरला भाऊ त्याच विमानतळावर नोकरीसाठी अर्ज करतो. खाली हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर हंगामात शॅकवर राबून वर्गमित्र मोबाईल घेतो. आणि दशावतारात स्त्रीपार्ट करू पाहणाऱ्या पोराचा आवाज नेमका याच वयात फुटतो! त्याची फजिती, त्याचा हट्ट... एवढ्यावर एक अख्खी कादंबरी होईल.

'असलं वाचून मुलं उदास होतात' म्हणे. मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४) वाचून कोण उदास झालं? प्रकाश नारायण संतांचा लंपन वाचून? फरक इतकाच, की ही पुस्तकं मोठ्यांनी मागे वळून पाहिलेल्या मुलपणाची आहेत. आजच्या पोराला आजचं हवं. अमेरिकेत एस. ई. हिंटन ही मुलगी पंधरा-सोळाव्या वर्षी आपल्या शहरातल्या टोळ्यांची गोष्ट लिहीत बसली, कारण तिच्या वयाच्यांसाठी असलेली पुस्तकं तिला खोटी वाटत. 'द आउटसायडर्स' १९६७ मध्ये आलं आणि आजही ते पोरं वाचतात. त्यात जादू नाही.

तेव्हा लेखकमित्रांनो, निवेदन मराठीत करा आणि पोरांना आपसांत पेडण्याच्या बोलीत बोलू द्या, शिव्यांसकट. बक्षीस समितीने नाकारलं तर नाकारू दे. तीनशे प्रती छापा आणि पेडणे, डिचोली, साखळीच्या बसस्टँडवर विका. हायस्कूल सुटल्यावर पोरं तिथेच उभी असतात.