तेरा पंचे पासष्ट

मनुष्याच्या आठवणीत सर्वांत खोल काय रुजते, असा प्रश्न केला तर शहाणीसुरती माणसे गुरूंची शिकवण, थोरांचा सहवास, उत्तम ग्रंथ अशी उत्तरे देतील. परंतु चाळिशी-पन्नाशीच्या चार मंडळींना पंगत उठल्यावर ओसरीवर सैल बसू द्या, आणि बोलणे आपोआप कोठे जाते ते पाहा. ही-मॅनची तलवार, जायंट रोबोटला हुकूम सोडणारे ते मनगटी घड्याळ, मोगली आणि शेरखान यांचे वैर, अंकल स्क्रूजची नाण्यांनी भरलेली कोठी! डोक्यावर पिकलेले केस आणि घरात दहावीला बसलेली मुले असणारे हे गृहस्थ पाहता पाहता दहा वर्षांचे होतात. ही आवड पोरकट म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती कोणत्या खतपाण्यावर वाढली हे पाहिले, तर आजच्या मुलांविषयी व आपल्या भाषेविषयी काही उपयोगाचे हाती लागेल, असे आम्हांस वाटते.

आमच्या लासलगावाची ख्याती कांद्याची. मुंबईहून मनमाडकडे जाणारी गाडी निफाड मागे टाकून येथे आली, की हंगामात वासानेच गाव ओळखावे. 1947 साली येथे बाजार समिती स्थापन झाली, आणि पुढे कांद्याच्या भावाचा विषय निघाला की देशभर या गावाचे नाव निघू लागले. करमणुकीच्या बाबतीत मात्र गाव पुष्कळ काळ कोरडेच होते. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले खरे; पण त्याच्या लहरी सह्याद्री ओलांडून आमच्या माळावर येणे कठीण. 1982 साली चित्रांस रंग आला. 1984 साली तर काही महिने देशात दिवसाला एक या वेगाने प्रक्षेपक उभे राहिले, आणि मग लहानसहान गावांच्या कौलांवर अँटेनांचे सांगाडे दिसू लागले. ज्या घरच्या उन्हाळ कांद्यास बरा भाव मिळाला त्या घरी त्या वर्षी टीव्ही आला, असे हिशेब येथील वृद्ध मंडळी अजूनही सांगतात.

वाड्यात संच एक आणि प्रेक्षक तीस. आजोबांची आरामखुर्ची पुढे, सुना दाराआड, आणि मुलांची दाटी सतरंजीवर. अंघोळ झाल्याखेरीज संच लावावयाचा नाही, हा घरोघरचा कायदा. त्यामुळे रविवारी सकाळी न्हाणीघरापुढे जी झुंबड उडे ती एरवी दिवाळीतच पाहावयास मिळे. एक थोरला मुलगा गच्चीवर अँटेना फिरवी आणि खालून “आले, आले, अरे गेले!” असा गजर चाले. 25 जानेवारी 1987 पासून त्याच पडद्यावर रामायण लागू लागले, तेव्हा कित्येक घरांतून संचास हार घालण्यात आले. वडीलधाऱ्यांच्या रामायणाचा आणि मुलांच्या साहसकथांचा असा एकाच पेटीत शेजार झाला, आणि कोणास त्यात काही विसंगत वाटले नाही. दुपारी कांदाचाळीच्या आडोशास लाकडी पट्टीची तलवार होई, टॉवेलचे प्रावरण होई, आणि सकाळचा भाग पुन्हा एकदा रंगे.

आता मुलांना तेव्हा न पडलेला एक प्रश्न विचारू. हे परदेशी वीर लासलगावापर्यंत आले कसे? अमेरिकेत मोठ्या प्रक्षेपणसंस्थांखेरीज स्थानिक केंद्रे शेकड्यांनी आहेत. ती निर्मात्याकडून परभारे कार्यक्रम विकत घेतात आणि आपल्या सोयीच्या वेळी दाखवितात. या व्यवहारास तिकडे सिंडिकेशन म्हणतात. मुले शाळेतून घरी येतात ती वेळ भरून काढण्यासाठी अशा केंद्रांना आठवड्याचे पाच दिवस कार्यक्रम लागे. तीन महिन्यांचे आठवडे तेरा. आणि तेरा पंचे पासष्ट! म्हणून 1983 साली ही-मॅनच्या पहिल्या वर्षाचे भाग पासष्ट निघाले, आणि 1987 साली डकटेल्सच्या पहिल्या वर्षाचेही पासष्टच. पासष्ट संपले की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. कथेचा विस्तार कवीच्या प्रतिभेने नव्हे, तर पाढ्याने ठरविलेला होता. ही-मॅनच्या बाबतीत तर बाहुला आधी बाजारात आला आणि कथा मागाहून बेतली गेली. तो खपावा एवढ्यासाठीच हा सारा प्रपंच असल्याची टीका तिकडे होऊ लागली. प्रत्येक भागाच्या अखेरीस एक बोध सांगण्यात येई. इसापनीतीच्या तात्पर्यावर वाढलेल्या आमच्याकडील आजोबांस कार्यक्रमाचा तेवढाच अंश पसंत पडे.

लासलगावकरास हा व्यापार समजावून सांगावयाचा तर कांद्याचाच दाखला द्यावा. कांद्याचा लिलाव झाला, ट्रक भरला, कांदा कोणाच्या तरी फोडणीत पडला, की शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध संपला. कार्यक्रमाचे तसे नाही. तो शंभर गावी विकावा, आणि पुन्हा मालकाच्या चाळीत तो जसाच्या तसा शिल्लक! म्हणून स्पायडरमॅनची 1967 सालची कार्टून आणि त्याच सुमारास जपानात तयार झालेली, अवघ्या सव्वीस भागांची जायंट रोबोटची मालिका आम्हांपर्यंत येईतो ती प्रथम पाहणारी तिकडची मुले संसाराला लागली होती. आम्हांस मात्र तो माल ताजाच वाटला.

या व्यापाराचा सर्वांत चमत्कारिक प्रवास मोगलीचा. रड्यार्ड किपलिंग याचा जन्म 1865 साली मुंबईस झाला. त्याचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेत शिकवीत. त्याने आपल्या मध्य प्रांतातील सिवनीच्या जंगलाची गोष्ट अमेरिकेत बसून लिहिली आणि 1894 साली ती पुस्तकरूपाने निघाली. 1989 साली जपानी कलावंतांनी तिचे बावन्न भाग चित्रित केले. मग ते हिंदी बोलीचा पोशाख लेवून दूरदर्शनवर आले; गीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे, आणि शेरखानास आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. सातपुड्याचे रान देशोदेशींची प्रदक्षिणा करून आमच्या सतरंजीपुढे आले, आणि परके म्हणून कोणी त्यास ओळखले नाही.

या आठवणींस एक दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. ओसरीवर रंगणाऱ्या या गप्पांत बहुधा पुरुषच का बोलतात? कारण रविवारी सकाळी मुलगे पडद्यापुढे बसत तेव्हा त्यांच्या बहिणी पोह्यांच्या बशा भरीत होत्या, नाही तर आईच्या हाताखाली कणीक मळीत होत्या. त्यांना मोगली दिसला तो स्वयंपाकघराच्या दारातून, अर्धामुर्धा. खेळातही त्यांच्या वाट्यास राक्षसाने पळविलेली राजकन्या होणे तेवढे येई. आमच्या ओळखीच्या एका बाई म्हणतात, “कार्यक्रम कसा संपे ते मला ठाऊक आहे, आरंभ मात्र कधीच पाहिला नाही.” या एका वाक्यात त्या काळच्या घराचा अर्धा इतिहास आला.

आता आपल्या भाषेकडे वळू. मुंबई केंद्रावर मुलांसाठी ‘किलबिल’ हा कार्यक्रम होता. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ राजदत्तांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आला आणि घरोघरी लाडका झाला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे 1987 साली दूरदर्शनवर अवतरला. ती भूमिका सुमीत राघवन यांनी केली. फुरसुंगीचा हा बनेश फेणे म्हणजे मराठी साहसकथेचे खरे भूषण. त्याच्याजवळ जादूची तलवार नाही की आकाशातून येणारी शक्ती नाही. किडकिडीत अंगकाठी, सायकल, शाबूत डोके, आणि जिभेने काढलेला तो ‘ट्टॉक’ असा आवाज, एवढ्या भांडवलावर तो बदमाशांस पुरून उरतो. ही-मॅन होण्यास दैवी तलवार मिळावी लागते. फास्टर फेणे होण्यास सायकलच्या चाकात हवा भरली की पुरे.

असे असता ओसरीवर नावे निघतात ती परक्यांचीच अधिक, हे कसे? आमच्या मते याचे उत्तर गुणांत नाही, पुनरावृत्तीत आहे. विजया मुळे यांनी 1974 साली ‘एक अनेक और एकता’ हा सुमारे सात मिनिटांचा कार्टूनपट केला. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची ती जुनीच गोष्ट दूरदर्शनने वर्षानुवर्षे दाखविली, आणि आज पन्नाशीचा मनुष्य ती डोळे मिटून सांगू शकतो. त्या चिमुकल्या चित्रात बाहुले विकण्याचा हेतू नव्हता, पासष्ट भाग नव्हते. पण ते पुन्हा पुन्हा भेटले. बालपणीची प्रीती पहिल्या भेटीत क्वचितच जडते. ती दहाव्या भेटीत जडते. परदेशी मालिका पुन्हा भेटत, कारण त्या पुन्हा विकण्यात कोणाचा तरी लाभ होता. मराठी बालकार्यक्रमास दुसरे गिऱ्हाईक कोठले? तो एकदा झाला, फार तर दोनदा झाला, आणि हवेत विरला. शिवाय ध्वनिचित्रफिती महाग असल्याने जुने पुसून त्याच फितीवर नवे चित्रण करण्याची चाल त्या काळी जगभर होती. इंग्लंडच्या बीबीसीसारख्या संपन्न संस्थेनेही ‘डॉक्टर हू’ या आपल्या गाजलेल्या मालिकेचे 1960च्या दशकातील कित्येक भाग असेच गमावले. म्हणून ‘किलबिल’ची आठवण बहुतेकांस सांगता येते, दाखविता येत नाही.

जे जपले गेले ते परत आले, याचा पुरावाही आपल्यापुढे आहे. 2020 सालच्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुन्या पेट्या उघडल्या. मार्चअखेर रामायण आले. एप्रिलात शक्तिमान आला, मोगली आला. वाड्यांची जागा तोवर बंगल्यांनी व सदनिकांनी घेतली होती, तरी काही दिवस आजी, मुलगा व नातू एकाच पडद्यापुढे बसले. तीन पिढ्यांस एकत्र बसविण्याचे हे काम कोणा उपदेशकाने केले नाही. नीट ठेवलेल्या फितींनी केले.

आजच्या मुलांस पुनरावृत्तीची वाण नाही. 2008 साली आलेला छोटा भीम आणि 2012 साली आलेले मोटू-पतलू त्यांना दिवसातून हवे तितक्या वेळा भेटतात. दूरध्वनीच्या पडद्यावर तर आठवड्याची वाटही पाहावी लागत नाही. हे वीर वाईट नाहीत, आणि देशी आहेत हेही खरे. पण ते बहुशः हिंदीत बोलतात, आणि मुलाचे शब्द त्याच्या वीराच्या तोंडचेच असतात. नाशिक जिल्ह्यातील अस्सल मराठी घरात चार वर्षांचे नातवंड आजीला “बचाओ” म्हणून हाक मारते, तेव्हा आजी कौतुकाने हसते. पण ‘धावा, धावा’ हा शब्द त्या मुलाच्या साहसकोशात कधी येणारच नाही, हे तिच्या ध्यानात येत नाही. भाषा घरातून निघते ती अशी, भांडून नव्हे, खेळता खेळता.

मग करावयाचे काय? दूरध्वनी काढून घेणे हा उपाय दोन दिवस टिकतो. सरकारने हे करावे, वाहिन्यांनी ते करावे, अशा मागण्या करण्यास हरकत नाही; पण तोपर्यंत नातवंडे मोठी होतील. एक उपाय घरातच आहे. 1906 साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ हे मुलांचे मासिक काढले. तेव्हापासून कितीतरी घरांतील मुले टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसत आली, आणि आलेला अंक कोणी तरी मोठ्याने वाचून दाखवी. वाट पाहणे आणि सर्वांनी मिळून ऐकणे, ही टीव्हीने शोधून काढलेली सुखे नव्हेत. त्याने ती काही वर्षे सांभाळली एवढेच.

तेव्हा घरातील एकाने, मग ते आजोबा असोत की धाकटी काकू, रोज रात्री ठरलेल्या वेळी फास्टर फेणेचे एक प्रकरण वाचावे. उत्कंठा शिगेस पोहोचली की पुस्तक मिटावे आणि “उद्या” म्हणावे. मुले रुसतील, रुसू द्यावे. पुस्तक संपले की महिन्याभराने तेच पुन्हा काढावे. “हे तर झाले आहे” अशी तक्रार आपण मोठेच करतो, मुले करीत नाहीत. आणि वाचन चालू असता मुलीस पाणी आणावयास उठवू नये. आरंभापासून शेवटापर्यंत तिने बसून ऐकावे. ज्याची घाई असेल त्याने आपले पाणी आपण घ्यावे.

पाच रात्री, तेरा आठवडे. परदेशच्या व्यापाऱ्यास जेवढ्यात मुलांच्या मनात कायमचे घर करता आले, तेवढ्यात आपल्या आजी-आजोबांस ते करता येऊ नये असे थोडेच आहे? पाढा तोच आहे. तो आपल्या भाषेत म्हणावयाचा, एवढाच फरक.