निकेल-कॅडमियम बॅटरी आणि आपले कर्तव्य

आमच्या घरी बिनतारी टेलिफोनाची एक जुनी बॅटरी होती. ती निकामी झाली तेव्हा इतर केराबरोबर आम्ही ती माडाच्या आळ्यात टाकली. विहीर तेथून दहा पावलांवर! पुढे त्या बॅटरीच्या पोटात काय असते हे वाचनात आले, तेव्हा खजील होऊन आम्ही आळे उकरले आणि ती बाहेर काढली.

स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली ही बॅटरी सिद्ध केली. एका बाजूस निकेलचे संयुग, दुसऱ्या बाजूस कॅडमियम आणि मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, अशी तिची रचना. तिच्या एका घटाचा दाब अवघा १.२ व्होल्ट, परंतु साधा कोरडा सेल एकदा संपला की संपला, ही मात्र शेकडो वेळा पुन्हा भारित होते. थंडी आणि धक्के ती निमूटपणे सोसते. म्हणूनच विमानांत, आणीबाणीच्या दिव्यांत, कॅमेऱ्यांत तिला स्थान मिळाले. अशा गुणी सेवकाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही.

परंतु सेवा संपली तरी कॅडमियम उरतेच. कवच गंजले की ते मातीत उतरते, अन्नपाण्यावाटे माणसाच्या मूत्रपिंडात साठते आणि हाडे ठिसूळ करते. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात भातशेती कॅडमियमने विषारी झाली. तेथील रोगाला 'इताइ-इताइ', म्हणजे 'दुखते, दुखते', असेच नाव पडले. १९६८ साली जपानी सरकारने त्याचे कारण मान्य केले. तेथे दोष खाणीचा होता, बॅटरीचा नव्हे. पण धातू तोच!

आपल्या देशात २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे; ग्राहकानेही त्या घरच्या केरात मिसळू नयेत, असा दंडक आहे. कोणी म्हणेल, "त्या न्यायला दारी कोणी येतच नाही, मग आम्ही काय करावे?" हा आक्षेप खोटा नाही. तथापि कोणी येत नाही म्हणून विष विहिरीकाठी टाकावे, हे आम्हांस मान्य नाही. बॅटरी फोडू नये, जाळू नये. टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या डब्यात ठेवावी आणि संकलन केंद्राकडे सोपवावी. प्रत्येक शाळेने असा एक डबा ठेवावा, असे आम्हांस आग्रहाने वाटते.

विद्यार्थिमित्रांनो, वस्तूचा उपयोग संपला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे समजू नका. आमचे आळे आम्ही उकरले. तुम्ही तुमच्या घरातील खण एकदा उघडून पाहा.