जुने एंजिन बदलावे की बांधावे?

युरोपात उन्हाळ्याची सुटी लागली की आल्प्सच्या घाटांत एक ठरावीक दृश्य दिसते. नव्या मोटारी सरसर वर निघून जातात आणि त्यांच्यामागे, रस्त्याची कड धरून, पावाच्या लादीसारखी एक गुबगुबीत जुनी गाडी घरघरत चढत असते. गाडी कसली, चाकांवरचे घरच ते! आत झोपायला बिछाना, गॅसची शेगडी, भांडी घासायची मोरी, खिडक्यांना पडदे. ही फोक्सवॅगन कंपनीची गाडी. जर्मन लोक तिला लाडाने ‘बुली’ म्हणतात.

बेन पोन या डच व्यापाऱ्याने १९४७ साली वहीत तिचे साधे रेखाचित्र काढले. १९५० साली ती कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि १९५१पासून वेस्टफालिया ही जर्मन कंपनी तिच्यात घराचे सामान बसवू लागली. पहिल्या गाड्यांचे एंजिन अवघ्या २५ अश्वशक्तीचे होते. आज रस्त्यावर दिसतात त्यांतल्या पुष्कळशा १९६७ ते १९७९ या काळातल्या, दुसऱ्या पिढीच्या. म्हणजे त्यांतल्या सर्वांत लहान गाडीनेही पंचेचाळिशी ओलांडली आहे.

अशा गाडीच्या मालकापुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतोच. एंजिन धूर ओकू लागते, तेल पिऊ लागते, चढावर दम टाकते. मग सल्लागार जमतात. एक म्हणतो, “हे म्हातारे एंजिन भंगारात द्या आणि सुबारूचे नवे, पाण्याने थंड होणारे एंजिन टाका.” दुसरा म्हणतो, “छे! मूळ एंजिन खोला, बोअर-पिस्टन करा आणि पुन्हा बांधा.” माझे मत दुसऱ्याच्या बाजूचे आहे, पण एका अटीवर. एंजिन का मेले, हे आधी शोधले पाहिजे. हा शोध न घेता नवे एंजिन आणणे काय किंवा जुने बांधणे काय, दोन्ही सारखेच आंधळे.

असे का म्हणतो ते कळण्यासाठी या एंजिनाची रचना थोडी पाहू. ते गाडीच्या मागच्या बाजूला असते. त्याचे चार सिलिंडर उभे नसून आडवे असतात, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. सिलिंडरचा व्यास ८५.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ६९ मिलिमीटर. यावरून चार सिलिंडरांचे घनफळ १५८४ घनसेंटिमीटर येते का, हे वाचकांनी वहीत करून पाहावे. शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती, म्हणजे ३७ किलोवॉट. आणि या एंजिनात रेडिएटर नाही, पाण्याचा थेंबही नाही. पंखा हवा फेकतो आणि ती सिलिंडरांवरच्या पातळ पात्यांमधून वाहत उष्णता घेऊन जाते.

आपल्याकडच्या जुन्या, टू-स्ट्रोक स्कूटरचा बाजूचा डबा उघडून ज्याने पाहिले आहे त्याला ही युक्ती ओळखीची वाटेल. तिथेही एंजिनावर पत्र्याचे एक झाकण असते आणि पंख्याची हवा त्या झाकणाखालून पात्यांवर वळवलेली असते. ‘उगाच लावलेला पत्रा’ समजून ते झाकण काढून स्कूटर चालवणारे महाभाग असतात. मग एंजिन तापून जाम झाले की ते कंपनीला दोष देतात.

हवेचा मार्ग इतका महत्त्वाचा का? एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम, तर एक घनमीटर पाण्याचे १००० किलोग्रॅम. शिवाय पाण्याची विशिष्ट उष्णता हवेच्या चौपटीहून अधिक आहे. दोन्हींचा हिशेब एकत्र केला, तर तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलते. म्हणून हवेवर थंड होणाऱ्या एंजिनाला हवा प्रचंड लागते. समजा, २० किलोवॉट उष्णता काढून न्यायची आहे आणि हवा ५० अंश सेल्सिअसने तापू द्यायची आहे. तर सेकंदाला ०.४ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ३३० लिटर हवा हवी! एवढी हवा वाहत असताना कुठे फट पडली, कुठे उंदराने घरटे केले, तर काय होईल याची कल्पना करा.

बुलीच्या एंजिनाभोवती पत्र्याची एक चौकट असते आणि तिच्या कडेला रबराची पट्टी. ही पट्टी वरची थंड हवा आणि खालची, धुराच्या नळ्यांनी तापलेली हवा यांना वेगळे ठेवते. वर्षानुवर्षे रबर कडक होते, तडकते, तुटते. कोणी तरी एंजिन उतरवताना ती काढतो आणि परत लावायला विसरतो. मग पंखा खालची तापलेली हवाच वर ओढू लागतो. आत येणारी हवा ३० अंशांनी अधिक गरम असेल, तर सिलिंडरचे डोकेही जवळजवळ तेवढेच अधिक तापते. बिचारे एंजिन भाजून मरते. मालक नवे एंजिन आणतो, त्याच फाटक्या चौकटीत बसवतो आणि थोड्याच दिवसांत तेही त्याच वाटेने जाते. रोग गाडीत होता आणि शस्त्रक्रिया एंजिनावर झाली.

तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरची हकिगत तर याहून बोलकी आहे. १९७०च्या आधीच्या एंजिनांत तेल थंड करणारी छोटी जाळी पंख्याच्या घरातच, नेमकी या सिलिंडरच्या वाटेत उभी असे. त्याला मिळणारी हवा आधी गरम तेलावरून आलेली असे. त्यामुळे चौघांत हाच सिलिंडर अधिक तापे आणि धूर सोडणारी त्याची झडप, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आधी दगा देई. पुढे कंपनीने ती जाळी मागे सरकवून तिला हवेची स्वतंत्र वाट दिली. पण मौज पुढेच आहे. झडप तुटण्यापूर्वी सूचना देते! या एंजिनात झडप आणि तिला ढकलणारा दांडा यांच्यामध्ये ०.१५ मिलिमीटरची फट ठेवावी लागते. अतितापाने झडपेची मान हळूहळू ताणली जाते, तशी ही फट कमी होते. दर वेळी तपासताना एकाच झडपेची फट आवळलेली सापडली, तर ती झडप मरणपंथाला लागली आहे असे समजावे. ज्या मालकाने अशा नोंदी वहीत ठेवल्या आहेत, त्याला एंजिन खोलण्याआधीच अर्धे निदान झालेले असते.

आता जास्त शक्तीचे एंजिन टाकावे म्हणणाऱ्यांचा मुद्दा पाहू. त्यांची तक्रार खरी आहे: गाडी फार हळू जाते. पण का हळू जाते? सामानासह तिचे वजन सुमारे दोन टन धरू, पुढचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर आणि हवेच्या विरोधाचा गुणांक ०.४४. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जायला हवेसाठी सुमारे ९ आणि चाकांच्या घरंगळण्याला होणाऱ्या विरोधासाठी सुमारे ६ अशी १५ किलोवॉट शक्ती लागते. ताशी ११० किलोमीटरला मात्र एकट्या हवेलाच २२-२३ किलोवॉट जातात आणि एकूण गरज ३२च्या आसपास पोहोचते. वेग दीडपटही वाढला नाही, पण शक्ती दुपटीहून जास्त लागली. कारण हवेला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यात दर १०० मीटरला ५ मीटर चढ आला, तर ताशी ८०ला आणखी २२ किलोवॉट हवेत. १५ आणि २२ मिळून ३७, म्हणजे एंजिनाची सारी पुंजी संपली! ग्रोसग्लॉकनरच्या घाटात तर १०० मीटरला १२ मीटरपर्यंत चढ आहे. तिथे खालच्या गिअरमध्ये ताशी ३०नेच जायचे असते. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तर वाजवू द्यावेत.

थोडक्यात, ताशी ८०ला जे एंजिन आरामात श्वास घेते ते ताशी ११०ला धापा टाकते. ज्याला घाई आहे त्याने बुली घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शक्ती दुप्पट केली तरी बाकीची गाडी तीच राहते, हा दुसरा मुद्दा. दोन टनांच्या गाडीची गतिज ऊर्जा ताशी ८०ला सुमारे ४९४ किलोज्यूल असते, ताशी ११०ला ९३४. ही सारी ऊर्जा ब्रेकांना उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते. १९७०च्या आधीच्या बुलीला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक होते. तिच्यात तगडे एंजिन घालणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाच्या गाडीला तरणे घोडे जुंपणे. शिवाय पाण्याचे एंजिन आले की रेडिएटर आला, मागून पुढे जाणाऱ्या लांब नळ्या आल्या, त्यांचे सांधे आले आणि सांधा म्हटला की गळती आलीच.

एंजिन बदलूच नये असे मात्र मी म्हणत नाही. ब्राझीलमध्ये ही गाडी २०१३पर्यंत बनत होती आणि २००५च्या अखेरीस तिथे कंपनीनेच हवेचे एंजिन काढून १.४ लिटरचे, पाण्याने थंड होणारे एंजिन बसवले. धुराविषयीचे नियम कडक झाले होते. २०२० साली कंपनीने १९६६च्या एका बुलीत ६१ किलोवॉटची विद्युत मोटर आणि ४५ किलोवॉट-तासांची बॅटरी घालून दाखवली. पण नीट पाहा, तिथे नुसती मोटर बदलली नाही. पुढची-मागची चाकांची जोडणी नवी केली, सुकाणूची यंत्रणा नवी बसवली आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. हा बदल मला प्रामाणिक वाटतो. तो करायला लागणारा पैसा किती जणांकडे असतो, हा भाग वेगळा.

जुन्या एंजिनाचा एक दोष मीही लपवणार नाही. त्याच्या धुरात आजच्या मोटारीपेक्षा कितीतरी जास्त कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल असते. एखादा मनुष्य वर्षभर, रोज, शहरातून ही गाडी चालवणार असेल तर माझा सल्ला बदलेल. पण वर्षातून एकदोनदा सहलीला काढायच्या गाडीसाठी जुने बांधणेच बरे.

बांधणे म्हणजे तरी काय? या एंजिनाचे सिलिंडर सुटे आहेत. झिजले की पिस्टनसह नवे घालता येतात, सगळे एंजिन टाकावे लागत नाही. क्रँकचा दांडा घासून घेता येतो, बेअरिंगे बदलता येतात. फोक्सवॅगनच्या कासेलच्या कारखान्यात तर १९५८पासून जुनी एंजिने खोलून नव्यासारखी बांधण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चाले. खरी परीक्षा असते ती क्रँकच्या घराची. ते मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे, म्हणून हलके. पण तापल्यावर मॅग्नेशियम पोलादाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावते. सिलिंडर आवळून धरणाऱ्या पोलादी स्टडांवर ताण येतो आणि मऊ मॅग्नेशियममधले आटे उपटून निघतात. तिथे पोलादी आट्यांचे बूश बसवले की घर पुन्हा उभे राहते. घराला तडा गेला असेल किंवा बेअरिंगची बैठक फारच झिजली असेल, तर मात्र हट्ट सोडावा आणि त्याच जातीचे दुसरे एंजिन घ्यावे.

बैठक झिजली आहे का याची एक सोपी तपासणी आहे. एंजिन बंद असताना पट्ट्याची पुली दोन्ही हातांनी धरून मागेपुढे ढकलायची. नव्या एंजिनात क्रँक ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर एवढाच हलतो. हाताला ठक् ठक् असा खेळ जाणवला तर मामला गंभीर आहे. शिक्षकांनी भंगारवाल्याकडून स्कूटरचे एखादे मेलेले एंजिन आणून, त्यातले पेट्रोल आणि तेल पूर्ण काढून, मुलांना ते वर्गात खोलू द्यावे. फळ्यावरच्या चार चित्रांनी कळत नाही ते एका झिजलेल्या पिस्टन-रिंगने कळते.

आणि एंजिन उतरवलेलेच आहे तर दोन गोष्टी, खर्च कितीही होवो, केल्याच पाहिजेत. या गाडीत थंडीच्या दिवसांत बसायच्या जागेत जी ऊब येते ती धुराच्या नळ्यांभोवतीच्या पेट्यांमधून येते. पेटीच्या आतली नळी गंजून भोक पडले की उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि मागे मुले पेंगत बसलेली असतात. म्हणून या पेट्या हातात घेऊन, उजेडात धरून तपासाव्यात. दुसरी गोष्ट पेट्रोलच्या रबरी नळीची. तुम्ही शाळेत मॅग्नेशियमची फीत जाळून पाहिली असेल. इथे त्याच धातूचे अख्खे घर, पेट्रोलच्या नळीखाली, तापलेले असते. एकदा ते पेटले आणि त्यावर पाणी मारले तर हायड्रोजन सुटून आग आणखी भडकते. एंजिन नवे आणायचे की जुने बांधायचे यावर मालकाने हवे तितके दिवस विचार करावा, ती वीतभर नळी मात्र आजच बदलावी.