ठेवलेला आवाज

फोन वाजावा, कोणी उचलू नये, आणि तरीही बोलणाऱ्याचे बोलणे वाया जाऊ नये, ही सोय शहरातल्या उद्योगी माणसांसाठी निघाली असा पुष्कळांचा समज आहे. माझे मत निराळे आहे. ही सोय खरी शोभते ती आमच्या एटापल्लीला!

शहरातला माणूस आत्ता नाही तर दहा मिनिटांनी सापडतो. इकडे तेंदूपानाच्या दिवसांत माणसे पहाटेच जंगल गाठतात, आणि पावसाळ्यात नाले भरले की गावेच्या गावे पलीकडे अडकतात. पूर्वी निरोप जायचा तो एस.टी.च्या कंडक्टरबरोबर. कंडक्टर बिचारा भला. पण ‘पोराला ताप होता, उतरला’ म्हणून निघालेला निरोप आलापल्ली ओलांडीपर्यंत ‘पोराला ताप’ एवढाच उरे, आणि घरची माणसे गाठोडे बांधून रडत निघत.

आमच्या घरी भाच्याने नागपूरहून आणलेला एक कॉर्डलेस फोन होता. हातातला तुकडा घेऊन खुशाल परसात हिंडावे! पण त्याची भिंतीजवळची बैठक घरच्या विजेवर चाले. वीज गेली की सौभाग्यवती म्हणायच्या, “बसला का तुमचा पाहुणा रुसून?” साधा तारेचा फोन मात्र एक्स्चेंजकडून त्या तारेतूनच वीज घेतो, म्हणून अंधारातही वाजतो. निरोपाचेही तसेच. घरातल्या यंत्रात आवाज साठवायचा म्हटले तर विजेबरोबर तेही मुके. व्हॉइस मेलची पेटी असते कंपनीकडे. काही घंटा होऊन कोणी उचलले नाही की कॉल तिकडे वळतो. पुढे आपण रिसीव्हर कानाला लावला की सलग सुराऐवजी तुटक सूर येतो, ती निरोप आल्याची खूण. मग ठरलेला क्रमांक फिरवावा, गुप्त आकडा द्यावा आणि ऐकावे. (तो आकडा कंपनीने दिलेलाच ठेवू नये, शेजाऱ्यांना कान असतात.)

कल्पना तशी जुनी. डेन्मार्कच्या वाल्देमार पौल्सेनने १८९८ साली पोलादी तारेवर आवाज उमटवणारे यंत्र केले, ते टेलिफोनवरचे निरोप टिपता यावेत म्हणूनच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ त्यात बोलले, आणि तो आवाज आजही जपून ठेवलेला आहे. सम्राटांचे ठीक आहे. त्यांचा आवाज जपायला माणसे असतात.

आमच्या शेजारी छत्तीसगडात २०१० साली शुभ्रांशु चौधरी यांनी ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले, तेव्हा ही पेटी प्रथमच साध्या माणसाच्या हाती आली असे मी समजतो. मिस्ड कॉल द्यावा, उलट फोन यावा, एक आकडा दाबून आपले म्हणणे बोलावे, दुसरा दाबून इतरांचे ऐकावे. न मिळालेली मजुरी, बंद पडलेला हातपंप, सारे गोंडीतही सांगता येई. अक्षर ओळखीचे असण्याची अट नाही! २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख निघाले. त्यांतल्या कित्येकांना कागद परकाच.

हे सारे मला नीट उमगले ते आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या एका माडिया बाईमुळे. मुलगा दूर आश्रमशाळेत. तो शाळेत शिकला मराठी लिहायला, आई बोलते माडिया. पत्र आले की ते वाचायला एक माणूस आणि समजावून सांगायला दुसरा, म्हणजे आईलेकाच्या मध्ये दोन परके! ‘मला इथे करमत नाही’ हे पोराने कसे लिहावे?

गेल्या पावसाळ्यात तिच्या मोबाइलवर पोराचा आवाजी निरोप आला. व्हॉट्सअॅपवर ही सोय २०१३ पासून आहे. तिने तो आमच्या ओट्यावर ऐकला, आणि मधेमधे त्याला उत्तरे देत राहिली. मी म्हटले, “बाई, तो आत्ता ऐकत नाही.” तिने माझ्याकडे पाहिले सुद्धा नाही.

मला एक शब्द कळला नाही, आणि ते बरेच झाले. मधे पोर खोकले तेवढे कळले. तिने तेवढाच भाग तीनदा लावला, अन् दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती शाळेला गेली.

हल्ली फोन भरला म्हणून दुकानातला मुलगा तिला जुने काही पुसून टाकायला सांगतो. तिने सगळी गाणी पुसली आहेत.